काहिल, लापरवाह, बेअदब: हे शब्द एकदा तपासून घेऊ या

आपल्या घरांत काही शब्द फार सहज वापरले जातात. काहिल, लापरवाह, बेअदब, घुमा. मुलगी असेल तर ‘फूहड’, मुलगा असेल तर ‘आवारा’. पाहुण्यांना सलाम केला पण नजर मिळवली नाही, लग्नाच्या दावतीतला गोंगाट सहन झाला नाही म्हणून जिन्यात जाऊन बसला, दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या आणि एकच आणली, लिहिताना अक्षरांची उलटापालट केली, की यातला एखादा शब्द चिकटतो. तो वीस-पंचवीस वर्षं निघत नाही. पुढं पुढं तर तो माणूस स्वतःच स्वतःला त्या नावानं ओळखायला लागतो.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की, मोठेपणी एडीएचडी, ऑटिझम किंवा डिस्लेक्सियाची तपासणी करून घेणं ही श्रीमंतांची हौस नाही, कामचुकारपणाची सबब नाही आणि वेडेपणाचा दाखला तर मुळीच नाही. आयुष्यभर ऐकलेल्या या शब्दांची ती पडताळणी आहे. पण ही तपासणी ज्या पद्धतीनं होते, त्यात आपल्यासारख्या घरांतून आलेल्यांना जास्त अडथळे येतात. ते दूर करणं एकट्यादुकट्याला जमणारं नाही.

मी ३१ वर्षांची आहे. मिरजेत वाढले, आता पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. गेल्या वर्षी मला एडीएचडी असल्याचं निदान झालं. त्या चार-पाच महिन्यांत जे कळलं ते इथं सांगते आहे, कारण माझ्या ओळखीतले कितीतरी तरुण मुलं-मुली मोबाइलवर रील बघून मनात हा प्रश्न घेऊन फिरतात आणि कुणाला विचारायचं ते त्यांना कळत नाही.

आधी अर्थ समजून घेऊ

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. माणसांच्या मेंदूची घडण एकसारखी नसते, एवढाच त्याचा सरळ अर्थ. ज्यांची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. एडीएचडीमध्ये लक्ष कुठं आणि किती वेळ द्यायचं यावरचा ताबा कमी असतो. लक्ष नसतंच असं नाही. नको तिथं तासन् तास लागतं आणि हवं तिथं पाच मिनिटं टिकत नाही. ऑटिझममध्ये माणसांच्या न बोललेल्या गोष्टी ओळखणं अवघड जातं, ठरलेल्या क्रमात बदल झाला की त्रास होतो, आवाज, उजेड किंवा कपड्याचा स्पर्श नको इतका जाणवतो. डिस्लेक्सियात बुद्धी शाबूत असते, पण वाचन आणि लेखन फार कष्टानं होतं.

या तिन्ही गोष्टी लहानपणापासूनच असतात. पंचविशीत अचानक उगवत नाहीत. मग कळतात उशिरा का? एक कारण म्हणजे वैद्यकशास्त्राचीच नजर बरीच वर्षं लहान मुलांवर, त्यातही वर्गात धुडगूस घालणाऱ्या मुलांवर होती. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या २०१३च्या आवृत्तीत मोठ्या माणसांतल्या एडीएचडीसाठी निकष थोडे सैल केले गेले. त्याआधीच्या पुस्तिकेनुसार एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी या दोन्हींचं निदान देता येत नव्हतं. ती अटही २०१३मध्ये गेली. म्हणजे आज तिशीत असलेल्यांच्या लहानपणी डॉक्टरांकडं नेलं असतं, तरी कदाचित उत्तर मिळालं नसतं.

आपल्याकडं डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला तो २००७च्या ‘तारे जमीं पर’ या सिनेमामुळं. तेव्हा त्यातल्या ईशानच्या वयाची असलेली मुलं आता पंचविशी ओलांडून गेली. त्यातल्या किती जणांना तसा शिक्षक भेटला? ज्यांना भेटला नाही, ती मुलं कुठंतरी गॅरेजमध्ये, पार्सलच्या गाडीवर, कॉल सेंटरमध्ये, सासरच्या स्वयंपाकघरात आहेत.

तपासणीत काय होतं

एडीएचडी किंवा ऑटिझम रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. एमआरआय काढूनही त्याचं निदान होत नाही. तपासणी म्हणजे मुख्यतः नीट विचारलेले प्रश्न आणि नीट ऐकलेली उत्तरं. ती मानसोपचारतज्ज्ञ करतात किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्टकडं जाणार असाल तर त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं आहे का, हे बेधडक विचारा. ज्यांची असते ते लगेच सांगतात. आणि औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा, सायकॉलॉजिस्टचा नाही, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या भेटीत साधारणपणे एक प्रश्नावली भरून घेतात. एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची एक यादी आहे, ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. इंटरनेटवर जी चाचणी देऊन लोक ‘मला एडीएचडी आहे’ असं ठरवून टाकतात, ती बहुतेक वेळा याच यादीतल्या पहिल्या सहा प्रश्नांची असते. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. त्यापुढं सविस्तर मुलाखत होते: शाळा, नोकरी, पैसा, झोप, नाती. थायरॉइड, रक्तातलं लोह, झोपेचे विकार, नैराश्य, चिंता यांतलं काही आहे का, हे बघतात, कारण त्यांचीही लक्षणं अशीच दिसू शकतात.

माझ्या एका मैत्रिणीनं सगळी तपासणी केली आणि तिला एडीएचडी नसल्याचं कळलं. तिला जुनं नैराश्य होतं आणि थायरॉइड बिघडलेलं होतं. ती सुरुवातीला हिरमुसली. नंतर म्हणाली, ‘काय नाही ते कळलं, म्हणून काय आहे त्यावर इलाज सुरू झाला.’ रील बघून सगळ्यांनाच एडीएचडी झालाय, असं जे हसून म्हणतात त्यांना माझं उत्तर हेच आहे. म्हणूनच तपासणी हवी. तिचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं.

अम्मीची साक्ष आणि शाळेचं प्रगतिपुस्तक

आता मुख्य अडचण. मोठ्या माणसाला एडीएचडीचं निदान द्यायचं तर काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. ऑटिझमचंही तसंच, लहानपणाची हकिगत महत्त्वाची असते. त्यामुळं तज्ज्ञ दोन गोष्टी मागतात: शाळेचे जुने कागद, आणि तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस, शक्यतो आई.

माझं चौथीपर्यंतचं शिक्षण उर्दू शाळेत झालं, पुढं मराठी शाळेत. या बदलात आणि भाड्याच्या तीन घरांत माझं एकही प्रगतिपुस्तक शिल्लक राहिलं नव्हतं. राहिली अम्मी. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी तिला फोन लावला. अम्मीनं एका दमात सांगून टाकलं, ‘मेरी बच्ची में कुछ कमी नहीं मॅडम. बचपन से होशियार है. कोणत्या शिक्षकाची कधी तक्रार नाही.’

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ‘धाकटीचा रिश्ता बघतोय आपण. उद्या कुणाला कळलं की मोठीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं, तर?’

अम्मी खोटं बोलत नव्हती. तिला तो प्रश्न चौकशीसारखा वाटला, आणि चौकशीत आई मुलाच्या बाजूनं उभी राहते. आपल्याकडं कुणी अनोळखी माणूस फोनवर मुलांबद्दल विचारायला लागलं, तर सरळ उत्तर द्यायची सवय आपल्याला उरलेली नाही. त्याची कारणं वाचकांना सांगायला नकोत.

शेवटी साक्ष दिली माझ्या खालानं. ती आमच्या घरीच राहायची. तिनं सांगितलं की, मला पाव आणायला पाठवलं तर मी अर्ध्या वाटेवरून परत येऊन ‘काय आणायचं होतं?’ असं विचारायचे. चप्पल एका पायात घालून शाळेच्या फाटकापर्यंत गेले होते. आणि गोष्टीचं पुस्तक हातात आलं की मात्र घरात आग लागली तरी हलायचे नाही. मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं.

माझ्याकडं खाला होती. सगळ्यांकडं असं कुणी असतंच असं नाही. सच्चर समितीनं २००६मध्ये नोंदवलं होतं की, ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. ती मुलं आता तरुण आहेत. त्यांच्याकडं प्रगतिपुस्तक कुठून येणार? शाळा सुटण्याचं मोठं कारण गरिबी, यात वाद नाही. पण त्यातल्या काही मुलांचा ‘शिकण्यात मन लागत नाही’ हा जो शेरा होता, त्यामागं काय होतं हे कुणी बघितलंच नाही. आज तोच मुलगा तपासणीला गेला, तर पुरावा नाही म्हणून त्याचं उत्तर अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

प्रश्नांचंही तेच. कामाचे शेवटचे बारीकसारीक तपशील पूर्ण करता येतात का, भेटीची वेळ लक्षात राहते का, असे प्रश्न असतात. ऑफिसात बसणाऱ्याला ते लगेच कळतात. घर सांभाळणाऱ्या बाईला वाटतं, माझं कसलं काम आणि कसली भेट. पण तिला असं विचारा: चाळीस माणसांच्या दावतीत सगळं शिजवून झाल्यावर कोशिंबीर फ्रीजमध्येच राहून जाते का? दूध उतू गेलं म्हणून या आठवड्यात किती वेळा बोलणी बसली? बाळाच्या लशीची तारीख कुणाला आठवण करून द्यावी लागते? मग ती भराभरा बोलायला लागते. तपासणीला जाणाऱ्या बहिणींना मी हेच सांगते, की स्वयंपाकघरातली उदाहरणं घेऊन जा. तोही पुरावाच आहे.

आणि तपासणारेही माणसंच असतात. मी आधी ज्या डॉक्टरांकडं गेले होते त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या. ‘एम.कॉम. झालेल्या बाईला एडीएचडी नसतो’ ही पहिली. ‘तुमच्या लोकांच्या घरात माणसं जास्त, गोंधळ जास्त, म्हणून लक्ष लागत नसेल’ ही दुसरी. आमच्या घरात आम्ही सहा जण होतो. मी फी देऊन बाहेर पडले आणि दुसरीकडं गेले. दुसरीकडं जाण्यासाठी पैसे लागतात, सुट्टी लागते आणि थोडा ढीटपणाही लागतो. पुढच्या चार भेटींचे मिळून माझे साडेनऊ हजार रुपये गेले. माझा पगार होता म्हणून ते जमलं.

‘आधीच शिक्के कमी आहेत का?’

हा प्रश्न माझ्या एका मित्रानं विचारला. त्याला स्वतःला ऑटिझमची शंका आहे, पण तो तपासायला तयार नाही. त्याचं म्हणणं, ‘नाव ऐकून घर भाड्यानं मिळत नाही. मुलाखतीत दाढीकडं बघतात. त्यात आणखी एक कागद कशाला?’

त्याची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण माझं म्हणणं असं की, त्याच्यावर शिक्का आधीच बसलेला आहे. ऑफिसात त्याला ‘गर्विष्ठ’ म्हणतात, घरात ‘घुमा’, मोहल्ल्यात ‘किसी से मिलता नहीं’. या शब्दांना कुठलाही कायदा लागू नाही, त्यांवर अपील नाही. वैद्यकीय अहवालाला मात्र नियम आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेची हमी देतो. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे तुम्ही ठरवता. त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की, एखाद्याचा धर्म, सामाजिक दर्जा किंवा आपल्या समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळणं, या आधारावर त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. आणि मानसिक आजाराचं निदान झालं, एवढ्यावरून कुणी कायद्याच्या भाषेत ‘विकल मनाचा’ ठरत नाही. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. आजारासाठी जर एवढी हमी आहे, तर एडीएचडीचा कागद पुढं करून कुणी तुम्हाला वेडं ठरवू शकत नाही.

रिश्त्याचं काय? माझं मत असं की, बायोडेटात लिहायची गरज नाही, पण ज्याच्याशी निकाह करायचा त्या माणसाला आधी सांगावं. हे त्या दोघांमधलं आहे, दोन खानदानांमधलं नाही. यावर मतभेद असू शकतात, आणि ते उघड बोलले गेले तर बरंच आहे.

दुआ आणि दवा

तपासणीचा विषय निघाला की कुणीतरी नजर, जिन, तावीज यांचा विषय काढतंच. दुआ मागण्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. माझ्या अम्मीची दुआ मला आजही लागते. पण दुआच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवलं जातं तेव्हा काय होतं, हे ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जागेवरून हलू शकले नाहीत, ते गेले.

दुसरा रस्ताही आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातार यांच्या दर्ग्यावर ‘दवा और दुआ’ असा उपक्रम चालवला गेला. तिथं मुजावर आलेल्या माणसाला हाकलत नाहीत, दुआ करतात आणि शेजारच्या मानसोपचार डॉक्टरांकडंही पाठवतात. श्रद्धेचा मान राहतो आणि माणूस उपचारापर्यंत पोचतो. आपल्याकडच्या इमामसाहेबांनी आणि मुजावरांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. फक्त एक लक्षात असू द्या. ऑटिझम, एडीएचडी हे उतरवून टाकायचं भूत नाही, तसंच बरा होऊन निघून जाणारा तापही नाही. माणूस तसाच घडलेला असतो. त्याला त्या घडणीसह नीट जगता यावं, एवढंच मागायचं आहे.

कायद्यात काय आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता नोंदवल्या आहेत. १९९५च्या जुन्या कायद्यात त्या सातच होत्या. नव्या यादीत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव मात्र नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमतेचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं तर आरक्षण आणि इतर योजना लागू होतात. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्क्याच्या वाट्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता असलेलेही येतात. इथं गफलत करू नका. खासगी तज्ज्ञांचा अहवाल वेगळा आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं. त्यासाठी अर्ज यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवर करावा लागतो.

४० टक्क्यांत बसत नसाल तर सगळंच संपलं असं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक घेण्याचा हक्क दिला. त्याची अक्षमता ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नव्हती. गरजेनुसार वाजवी सोय करून देणं हा समानतेचाच भाग आहे, असं त्या निकालाचं सार आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हा निकाल आवर्जून वाचावा.

निदानानंतर

माझं आयुष्य एका रात्रीत बदललं नाही. पहिले दोन आठवडे मी रडत होते. दहावीतली मी, कॉलेजातली मी, यांच्यावर उगीच किती ओरडा झाला, याचं वाईट वाटत राहिलं. मग हळूहळू कामाची गोष्ट सुरू झाली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. एडीएचडीची काही औषधं कडक नियंत्रणाखाली येतात, चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेली नसतात, त्यामुळं संपायच्या आधीच सोय बघावी लागते. ऑफिसात मी निदान सांगितलं नाही. फक्त एवढं मागितलं की तोंडी सांगितलेलं काम मला मेसेजवरही पाठवा. साहेबांनी हो म्हटलं. जीएसटीच्या २० तारखेआधीचे दिवस आता पूर्वीसारखे जिवावर येत नाहीत.

रमजानबद्दल वेगळं सांगायला हवं. झोपेचं, जेवणाचं, कामाचं सगळं वेळापत्रक बदलतं आणि एडीएचडी असलेल्याला तो बदल जड जातो. ऑटिझम असलेल्यालाही जातो. औषध चालू असेल तर रमजान सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, वेळ आणि मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या. स्वतःच्या मनानं औषध बंद करू नका आणि स्वतःच्या मनानं वेळही बदलू नका. डॉक्टर मुस्लिम नसले तर संकोचू नका, सरळ सांगा. माझे डॉक्टर नाहीत, त्यांनी सेहरी-इफ्तारच्या वेळा विचारून सगळं लिहून दिलं.

आपण काय करू शकतो

खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथं केसपेपरच्या किरकोळ पैशांत डॉक्टर भेटतात. मोठ्या माणसांची एडीएचडी-ऑटिझमची तपासणी त्या ठिकाणी होते का, हे आधी फोन करून विचारा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. तिथं फोनवर निदान होत नाही, पण जवळ कुठं जायचं ते विचारता येतं.

पण एकेकट्यानं मार्ग काढणं पुरेसं नाही. आपल्या तरुण मंडळांनी आणि मोहल्ला समित्यांनी तीन गोष्टी हातात घ्याव्यात असं मला वाटतं.

पहिली, कागद. रेशन कार्ड, आधार आणि जन्मदाखला जपायला आपण शिकलो, ते भीतीपोटी का होईना. त्याच फाइलमध्ये मुलांची प्रगतिपुस्तकं ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी चालेल.

दुसरी, पैसा. फी भरायला, पुस्तकं घ्यायला मोहल्ल्यातून जो निधी उभा राहतो, त्यात तपासणीचा खर्च धरावा. वारंवार नापास होणाऱ्या मुलाची तिसऱ्यांदा फी भरण्याआधी तो नापास का होतोय, हे शोधायला खर्च करणं जास्त शहाणपणाचं आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, मागणी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून देशात चालू आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी निवेदन द्या, की जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मोठ्या माणसांच्या तपासणीसाठी असावा. प्रश्न मराठीत आणि उर्दूत विचारले जावेत. शाळेचे कागद नसतील तर खाला, मामू, शेजारी, जुने उस्ताद यांची हकिगत धरली जावी. ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाकडंही प्रगतिपुस्तक नसतं, पाड्यावरच्या मुलीकडंही नसतं. त्यांना बरोबर घेऊन निवेदन दिलं तर ते जास्त वजनदार होईल, आणि आपल्यालाही शेजारी मिळतील.

हे वाचून तुम्हाला स्वतःची किंवा घरातल्या कुणाची आठवण झाली असेल, तर लगेच निदान ठरवू नका. एक वही घ्या. लहानपणापासूनची दहा उदाहरणं लिहा. ज्यांनी तुम्हाला लहान असताना पाहिलं, अशा एका माणसाला ती वाचून दाखवा आणि त्यांची दोन त्यात घाला. मग वेळ घ्या आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.